प्रकरण फ्लोरिसंटचं : सॅम्युएल स्कडर आणि दगडातले किडे

करड्या शेल खडकाचा एक पातळ तुकडा, हातात सहज मावेल एवढा. त्यावर एक फुलपाखरू आहे. चारही पंख पूर्ण उघडलेले, जणू कुणी संग्रहासाठी नुकतंच टाचून ठेवलंय. पंखांवरचे गडद-फिकट पट्टे दिसतात, मिशांच्या टोकाच्या गाठी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर खवलेसुद्धा दिसतात. फुलपाखरू पकडल्यावर आपल्या बोटांना जी भुकटी लागते, तेच हे खवले. मागच्या एका पंखाची शेपटी तेवढी गेली आहे. हे फुलपाखरू मेलं त्याला सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षं झाली.

1878 मध्ये त्याला प्रोड्रायस पर्सेफोनी असं शास्त्रीय नाव मिळालं. पर्सेफोनी म्हणजे ग्रीक पुराणकथेतली, पाताळात ओढून नेलेली आणि पुन्हा उजेडात येणारी कन्या. उत्तर अमेरिकेत सापडलेलं हे पहिलं जीवाश्म फुलपाखरू. नाव दिलं बॉस्टनच्या सॅम्युएल हबर्ड स्कडर यांनी. दगडातून ते बाहेर काढलं होतं शार्लट हिल या बाईंनी. कोलोराडोच्या डोंगरात, फ्लोरिसंट नावाच्या वस्तीजवळ त्यांचं शेत-घर होतं. लग्न कोवळ्या वयात झालेलं, घरात मुलांचा गोतावळा, आणि त्या सगळ्यातून वेळ काढून बाई शेल फोडत आणि सापडेल ते जपून ठेवत.

स्कडर यांच्यासमोरचा पेच असा होता. एका जुन्या तळ्याच्या गाळात हजारो किडे चेपून बसले आहेत. त्यांतल्या कित्येकांचे जातभाई आज त्या प्रदेशात उरलेले नाहीत. जुळवून बघायला अमेरिकेत असा दुसरा संग्रह नाही, आधी कुणी केलेलं काम जवळपास नाही. अशा वेळी किडा ओळखायचा कसा? आणि ओळख चुकली तर? प्रकरण म्हणून मला यातला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. स्कडर चुकले, आणि थोडेथोडके नाही. तरी त्यांचं काम आजही टाकून देता येत नाही, आणि त्याची कारणं त्यांच्या कामाच्या पद्धतीतच सापडतात.

जागा

फ्लोरिसंट हे पाइक्स पीक या प्रसिद्ध शिखराच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटर उंचीवरचं खोरं. साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास त्याच्या नैर्ऋत्येला ज्वालामुखी होते. तिथून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने खोऱ्यातला ओढा अडवला आणि लांबट तळं तयार झालं. मग वर्षानुवर्षं त्या तळ्यावर बारीक राख पडत राहिली.

नुसत्या राखेने मात्र फुलपाखराचे खवले टिकले नसते. राखेतून पाण्यात सिलिका विरघळायची. ती वापरून डायटम हे सूक्ष्म शेवाळ पाण्यात भरमसाट माजायचं. डायटम चिकट बुळबुळीत द्रव सोडतात, त्याची पाण्यावर साय धरायची. पाण्यात पडलेली माशी, मुंगी, पान, पीस या सायीत अडकायचं, तिच्यासकट तळाला जायचं आणि कुजायच्या आत त्यावर राखेचा पुढचा थर बसायचा. डायटमचा थर, राखेचा थर, पुन्हा डायटमचा. एकेक थर मिलिमीटरभर, कधी त्याहूनही पातळ. म्हणून हा शेल जुन्या पोथीसारखा पानापानाने सुटतो. पातं हलक्या हाताने फटीत घालायचं आणि पान उलटायचं. बहुतेक पानं कोरी निघतात. एखाद्या पानावर मुंगी असते, आणि समोरच्या पानावर त्याच मुंगीचा उलटा ठसा.

किड्यांचे जीवाश्म जगात इतर ठिकाणीही मिळत होते, पण असे क्वचितच. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नागपूरजवळ टाकळीला, दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये दबलेल्या गाळात, मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना जीवाश्म मिळाले. त्यातले किड्यांचे अवशेष अँड्र्यू मरे यांनी 1860 मध्ये वर्णन केले. पण हाती आली होती मुख्यतः भुंगेऱ्यांची कडक पंखकवचं. नाजूक पंख, पाय, मिशा यातलं काही नाही. जगभर बहुतेक ठिकाणी हीच गत असते. कठीण ते टिकतं, मऊ ते जातं. फ्लोरिसंटला मऊही टिकलं.

माणूस

स्कडर यांचा जन्म 13 एप्रिल 1837 चा, बॉस्टनचा. घर धार्मिक आणि वाचनवेडं. एक भाऊ होरेस पुढे साहित्यिक संपादक झाला. दुसरा, डेव्हिड, मिशनरी होऊन दक्षिण भारतात मदुराई भागात आला आणि 1862 मध्ये नदीत बुडून वारला. (नागपूरचे हिस्लॉपही पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1863 मध्ये, टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्ही वाचल्यापासून माझ्या मनात त्या शेजारी-शेजारी राहिल्या आहेत.)

सॅम्युएल यांनी 1857 मध्ये विल्यम्स कॉलेज संपवलं आणि हार्वर्डला निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या हाताखाली शिकायला गेले. त्यांना शिकायचे होते किडे. अगासींनी पुढ्यात ठेवला अल्कोहोलमधला एक मासा, म्हणाले हा बघ, आणि निघून गेले. दहा मिनिटांत मुलाचं बघून झालं. गुरुजी तासन्‌तास फिरकले नाहीत. भिंग वापरायची परवानगी नव्हती. कंटाळून त्याने माशाचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा त्याला एकेक नवं दिसायला लागलं. अगासी परत आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, अजून बघ. तीन दिवस तोच मासा. मग त्याचे नातेवाईक मासे, जवळपास 8 महिने. स्कडर यांनी 1874 मध्ये ही आठवण लिहून छापली. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत लेखन शिकवताना ती अजून वाचून घेतात.

ही गोष्ट सांगताना लोक सहसा चिकाटीवर थांबतात. मला त्यातली पेन्सिल महत्त्वाची वाटते. मी एकदा दिव्याखाली मरून पडलेल्या नाकतोड्याचा पंख भिंगाखाली धरला होता. अर्धा तास बघून मला वाटलं, सगळ्या शिरा पाठ झाल्या. कागदावर उतरवायला बसलो आणि तिसऱ्याच शिरेला अडलो. ती फांदी कुठे फुटते, पुढच्या शिरेला मिळते की आधीच विरते, हे मी पाहिलेलंच नव्हतं. किड्याच्या पंखात शिरांचा हा आराखडाच सगळं काही असतो. एका कुळात तो ठरलेला असतो, दुसऱ्या कुळात वेगळा. दगडात कित्येकदा किड्याचा एकच पंख उरतो, आणि मग शिरांच्या फाट्यांवरूनच किडा कोण ते ठरवावं लागतं. माशावर घालवलेल्या महिन्यांचा उपयोग इथे झाला.

पदवीनंतर बॉस्टनच्या निसर्ग-इतिहास संस्थेत स्कडर चिटणीस झाले, मग संग्रहाचे रखवालदार, पुढे 1880 ते 1887 अध्यक्ष. मधल्या काळात संसार मोडला. 1867 मध्ये लग्न झालं, पत्नीची प्रकृती ढासळली, तिला बरं वाटावं म्हणून युरोपात राहिले, तरी 1872 मध्ये ती गेली. पदरी लहान मुलगा. फ्लोरिसंटला पोहोचलेला माणूस हा होता, वय 40.

पाच दिवस आणि तेरा वर्षं

1877 च्या उन्हाळ्यात स्कडर फ्लोरिसंटला जेमतेम पाच दिवस होते. सोबत कोलोराडोत शिकवणारे आर्थर लेक्स आणि बॉस्टनकडचे कीटकसंग्राहक बोडिच. या पाच दिवसांत त्यांनी नुसते नमुने गोळा केले नाहीत, खणून थरांची क्रमाने मोजणी केली, जुन्या तळ्याचा आकार कसा असेल ते फिरून पाहिलं आणि तेही पुढे छापलं. त्या काळात जीवाश्म गोळा करणाऱ्यांना थराची नोंद ठेवायची फारशी सवय नव्हती. सुंदर तुकडा खिशात घालायचा आणि चालू लागायचं, हीच रीत. त्याच खोऱ्यातले रेडवुडचे दगड झालेले बुंधे पर्यटकांनी फोडून-फोडून नेले.

हिलबाईंचा संग्रह स्कडर यांना फार उपयोगी पडला. प्रोड्रायस त्यातलंच. स्कडर यांच्या लिखाणात श्रीमती हिल हे नाव येतं. एका जीवाश्म गुलाबाला वनस्पतितज्ज्ञ लेक्यूरो यांनी त्यांचं नाव दिलं, रोझा हिली. पण एवढंच. शाळा फारशी न शिकलेल्या त्या बाईंनी कोणत्या ठिकाणी, कोणत्या थरात काय शोधलं हे त्यांच्या तोंडून कुणी नीट लिहून घेतलं नाही. थर मोजणाऱ्या स्कडरनीही नाही. मला या प्रकरणातली ही खरी उणीव वाटते.

बॉस्टनला परतल्यावर खरं काम सुरू झालं. दगडातला किडा नवा आहे असं म्हणायचं तर आधी जगात कुणी तो वर्णन केलेला नाही याची खात्री हवी. वर्णनं विखुरली होती जर्मन, फ्रेंच, स्वीडिश, लॅटिन अशा नाना भाषांतल्या शेकडो नियतकालिकांत. एका तज्ज्ञाने बोहेमियात एखादं प्रजातिनाम (जवळच्या जातींच्या गटाला मिळून दिलेलं नाव) वापरलेलं असायचं, दुसऱ्याने तेच नाव ब्राझीलच्या गोगलगायीला देऊन टाकलेलं असायचं.

इथे स्कडर यांनी एखादा कारकून करील तसं काम हाती घेतलं. 1633 ते 1876 या काळातल्या जगभरच्या विज्ञान-नियतकालिकांची सूची त्यांनी तयार केली, ती हार्वर्डच्या ग्रंथालयाने 1879 मध्ये छापली. ते स्वतः तिथे साहाय्यक ग्रंथपाल झाले. मग 1882 ते 1884 दरम्यान प्राणिशास्त्रात तोवर वापरलेल्या प्रजातिनामांचा कोश काढला, नावं 80,000 च्या घरात. 1891 मध्ये जगातल्या ज्ञात जीवाश्म कीटकांची अनुक्रमणिका. याच धबडग्यात ते 1883 पासून दोन-अडीच वर्षं सायन्स या तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या साप्ताहिकाचे संपादक होते.

त्यांचं चरित्र लिहिणारे ही ग्रंथालयाची कामं बाजूची म्हणून सांगतात. माझं मत उलट आहे. या कामांशिवाय फ्लोरिसंटचं पुस्तक झालंच नसतं. युरोपात ओस्वाल्ड हेर यांनी ओनिंगेनच्या जीवाश्म किड्यांवर मोठं काम केलं होतं, पण त्यांच्यामागे युरोपातल्या जुन्या संग्रहालयांची आणि ग्रंथसंग्रहांची रांग होती. स्कडर यांना आधी स्वतःची शिडी बनवावी लागली आणि मग चढावं लागलं.

ते पुस्तक, उत्तर अमेरिकेतल्या तृतीयक कालखंडातल्या, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या काळातल्या कीटकांवरचा ग्रंथ, 1890 मध्ये आलं. 734 पानं, 28 चित्रफलक. पहिल्या भेटीपासून तेरा वर्षं. त्यातसुद्धा सगळे कीटकगण (भुंगेरे, माश्या अशा मोठ्या गटाला गण म्हणतात) नाहीत. भुंगेऱ्यांवरचे भाग नंतर, 1893 आणि 1900 मध्ये आले. मुंग्या-गांधीलमाश्यांचं आणि माश्यांचं काम त्यांच्या हातून पुरं झालंच नाही. तरी एकट्या फ्लोरिसंटमधून त्यांनी 600 च्या आसपास जाती वर्णन केल्या, आणि सगळीकडचे जीवाश्म कीटक धरले तर हजाराच्या वर. सोबत जिवंत फुलपाखरांवरचे तीन जाड खंड (1888-89), नाकतोडे-टोळांवरचं आयुष्यभराचं काम, आणि एकूण लेख आठशेच्या घरात.

प्रत्येक वर्णनाची घडण एकच. कोणता नमुना, कुठला, अंगाची मापं, शिरा कशा, काय दिसतं आणि काय दिसत नाही, जवळचा नातेवाईक कोण वाटतो. बहुतेकांसोबत चित्र. आणि नमुना जपून ठेवलेला, क्रमांकासह. वाचायला हे अतिशय कंटाळवाणं आहे. तीस पानं वाचली की डोळे मिटायला लागतात. त्या कंटाळवाणेपणाचं मोल त्यांच्या चुका बघितल्यावर कळतं.

चुका

पहिली चूक फ्लोरिसंटच्या आधीची. कॅनडातल्या सेंट जॉन गावाजवळ 1862 मध्ये हार्ट या भूशास्त्रज्ञाला काही किड्यांचे पंख सापडले. ते थर डेव्होनियन काळातले समजले जात, म्हणजे हे तेव्हा माहीत असलेले जगातले सर्वांत जुने किडे ठरत होते. स्कडर यांनी ते वर्णन केले. त्यातल्या एका पंखाच्या बुडाशी त्यांना काही बारीक वळ्या दिसल्या. त्यांनी म्हटलं, हे आवाज काढायचं अंग आहे, रातकिड्याचं असतं तसं. म्हणजे पृथ्वीवरच्या पहिल्या किड्यांपैकी एक गात होता.

हीच चूक का झाली असावी? स्कडर यांना नाकतोड्यांच्या आणि रातकिड्यांच्या गाण्याचं विलक्षण वेड होतं. 1860 च्या दशकात ते रानात बसून एकेका जातीचं गाणं संगीताच्या स्वरलिपीत उतरवत. इतका कान तयार झालेल्या माणसाला दगडातही गाणं ऐकू आलं असावं, असं मला वाटतं. हार्वर्डमधलेच जर्मन कीटकतज्ज्ञ हर्मान हागेन यांनी त्या पंखाचा अर्थ खोडून काढला आणि दोघांत बराच वाद झाला. गाणारं अंग टिकलं नाही. पुढे ते थरही डेव्होनियन नसून त्यानंतरच्या कार्बॉनिफेरस काळातले निघाले, म्हणजे काही कोटी वर्षांनी अलीकडचे.

दुसरी चूक मोठी होती, कारण ती सिद्धान्ताची होती. 1885 च्या सुमारास स्कडर यांनी मांडलं की पुराजीव महाकल्पातले, म्हणजे डायनोसॉरांच्याही आधीच्या काळातले, सगळे किडे एकाच गणातले, पॅलिओडिक्टिओप्टेरा. आजचे गण तेव्हा वेगळे झालेच नव्हते. कल्पना देखणी आहे. पण त्याच वर्षांत फ्रान्समध्ये कोमांत्रीच्या कोळसाखाणीतून शार्ल ब्रोन्यार यांच्या हाती किड्यांचे अप्रतिम जीवाश्म येत होते. त्यातच मेगान्यूरा, चतुराच्या घराण्यातला, पंख पसरल्यावर जवळपास 70 सेंटीमीटरचा. ब्रोन्यार यांना त्या खाणीत एकाच गणाचे किडे दिसेनात. पुढे व्हिएन्नाच्या आंटोन हांडलिर्श यांनी जगभरचे नमुने पुन्हा तपासून 1906 ते 1908 मध्ये मोठा ग्रंथ काढला, तेव्हा स्कडर यांची एकगण कल्पना मागे पडली. गणाचं नाव शिल्लक आहे, पण बऱ्याच लहान कक्षेसाठी.

तिसरी चूक मला सगळ्यात आवडते. फ्लोरिसंटमधली एक दणकट माशी स्कडर यांनी 1892 मध्ये पॅलिस्ट्रस ऑलिगोसेनस या नावाने वर्णन केली आणि तिला गुराढोरांच्या अंगात अळ्या वाढवणाऱ्या माश्यांच्या घराण्यात टाकलं. कोलोराडो विद्यापीठातले टी. डी. ए. कॉकरेल 1906 पासून काही उन्हाळे फ्लोरिसंटला खणत होते. त्यांच्या ध्यानात आलं की फ्लोरिसंटमध्ये त्सेत्से माशी आहे. आफ्रिकेत झोपेचा आजार पसरवणारी, आज त्या खंडाबाहेर जवळजवळ न सापडणारी माशी, एके काळी कोलोराडोच्या तळ्याकाठी उडत होती. स्कडर यांची पॅलिस्ट्रसही तीच निघाली. आज तिचं नाव ग्लॉसिना ऑलिगोसेना आहे. दुसरा शब्द स्कडर यांचाच, कारण प्रथम वर्णन त्यांचं.

ही दुरुस्ती करता आली, कारण नमुना जागेवर होता आणि वर्णन छापलेलं होतं. सेंट जॉनच्या पंखाचंही तसंच. वाद घालायला समोर पंख होता, पंखाचं चित्र होतं. त्याच शतकातल्या कित्येक हौशी संग्राहकांच्या बाबतीत उलटं घडलं. दोन ओळींत नवी जात जाहीर, चित्र नाही, नमुना कुणाच्या तरी घरी पडलेला आणि मग हरवलेला. तिथे चूक होती की नव्हती हेही आता कुणाला सांगता येत नाही.

शेवटची वर्षं

1886 ते 1892 स्कडर अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पुराजीवशास्त्रज्ञ होते. 1896 च्या सुमारास कंपवाताची लक्षणं दिसू लागली. त्याच वर्षी एकुलता एक मुलगा क्षयाने गेला. शिरा रेखाटणारा हात थरथरायला लागल्यावर या माणसाचं काय झालं असेल, याची कल्पना मला करवत नाही. अर्धवट राहिलेलं लिखाण कवटाळून न बसता त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम थांबवलं, जवळचा कीटकसंग्रह हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाला दिला आणि पुस्तकं वाटून टाकली. 17 मे 1911 रोजी बॉस्टनशेजारच्या केंब्रिज इथे ते वारले.

राहिलेली कामं इतरांनी उचलली. गांधीलमाश्यांच्या परजीवी नातलगांवर ब्रूझ यांनी, भुंगेऱ्यांवर विकम यांनी लिहिलं. मुंग्यांचे ड्रॉवर मात्र तसेच पडून होते. ते फ्रँक कार्पेंटर यांनी उघडले आणि 1930 मध्ये जीवाश्म मुंग्यांवरचा अभ्यास छापला. त्यातला मोठा भाग फ्लोरिसंटच्या मुंग्यांचा होता. शार्लट हिलही त्याच साली वारल्या.

फ्लोरिसंटचं खोरं 1969 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. तिथून आजवर 1,700 च्या वर जाती वर्णन झाल्या आहेत, त्यातले बहुसंख्य किडे आणि कोळी. प्रोड्रायस हार्वर्डच्या संग्रहात आहे. त्या जातीचा दुसरा नमुना अजून कुणाला मिळालेला नाही.